पॉप म्युझिक व्हिडिओ आणि कथनशास्त्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिडिओला कथनाचा सिद्धांत लावायचा म्हणजे नेमके काय करायचे?

व्हिडिओ पाहून संपला की आपल्या मनात एक गोष्ट उरते. ती कशाकशातून तयार झाली हे उलगडून दाखवायचे. कोणते दृश्य आधी आले, कोणाच्या नजरेतून आले, काय दडवून ठेवले, कधी उघड केले आणि शेवटी काय बदलले होते, असे प्रश्न शिस्तीने विचारायची पद्धत म्हणजे कथनशास्त्र. या अभ्यासाला स्वतंत्र नाव दिले ते त्स्वेतान तोदोरोव्हने, १९६९ मध्ये. तो आणि त्याच्या आधीचे अभ्यासक लोककथा, मिथके आणि कथा-कादंबऱ्या यांवर काम करत होते. म्युझिक व्हिडिओंची वाहिनी एमटीव्ही सुरू झाली १ ऑगस्ट १९८१ रोजी, म्हणजे म्युझिक व्हिडिओ त्यांच्यासमोर नव्हताच. त्यामुळे सिद्धांत जसाच्या तसा बसेल ही अपेक्षा सोडून द्या. तो जिथे बसत नाही ती जागा मात्र नीट टिपून ठेवा. माझ्या मते विश्लेषण खऱ्या अर्थाने तिथून सुरू होते.

तीन-चार मिनिटांत पूर्ण गोष्ट मावते का?

मावते, कारण अर्धी गोष्ट प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. चष्मा लावलेली एकटी मुलगी, शेजारच्या खिडकीतला मुलगा, त्याची तोऱ्यात वावरणारी मैत्रीण. एवढे तीन शॉट दाखवले की पुढचे आपण स्वतःच जुळवायला लागतो. कादंबरीला ज्यासाठी एक प्रकरण लागते ते व्हिडिओ एका वेशभूषेत उरकतो. म्हणूनच व्हिडिओत ओळखीचे साचे जास्त दिसतात. साचा दिसला की तो कमकुवत कामाचा पुरावा समजू नका. त्या साच्यामुळे वाचलेल्या वेळात दिग्दर्शकाने काय केले ते पाहा.

कोणता सिद्धांत निवडू?

व्हिडिओ एकदा आवाजासह, एकदा आवाज बंद करून पाहा आणि स्वतःला विचारा: तुम्हाला खटकलेली किंवा भावलेली गोष्ट कोणती? परिस्थिती बिघडून पुन्हा सावरते असे वाटले तर तोदोरोव्ह घ्या. पात्रे ठरलेली कामे करताना दिसली तर व्लादिमीर प्रॉप. दोन जगांची टक्कर दिसली तर क्लोद लेव्ही-स्ट्रॉस. काहीतरी लपवलेले आहे ही भावना पाठ सोडत नसेल तर रोलाँ बार्थ. काळाशी खेळ केलेला असेल तर जेरार जेनेट. एका लेखात एक, फार तर दोन. पाचही नावे एका पानात कोंबली तर प्रत्येकाच्या वाट्याला एकेक व्याख्या येते आणि व्हिडिओ बाजूलाच राहतो.

तोदोरोव्हचा समतोल व्हिडिओत कसा शोधायचा?

तोदोरोव्हच्या मते कथा एका समतोलापासून निघते. तो बिघडतो, बिघाड झाल्याचे कोणाच्या तरी लक्षात येते, तो दुरुस्त करायची धडपड होते आणि नवा समतोल प्रस्थापित होतो. शेवटची अवस्था पहिलीसारखी दिसली तरी ती पहिली नसते, हा यातला मोलाचा भाग. पण विद्यार्थी बहुधा पाच टप्प्यांचा तक्ता भरून मोकळे होतात आणि नेमका हाच भाग निसटतो.

आ-हा या नॉर्वेजियन बँडचा ‘टेक ऑन मी’ घ्या. दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन, वर्ष १९८५. कॅफेत एक मुलगी एकटीच कॉमिक वाचत बसली आहे. चित्रातला तरुण तिला डोळा मारतो, पानातून त्याचा पेन्सिलने रेखाटलेला हात बाहेर येतो आणि ती तो धरून चित्राच्या जगात शिरते. इकडे वेट्रेसला वाटते की मुलगी बिल न देता गेली. ती चिडून कॉमिक चुरगळते आणि कचऱ्यात टाकते. चित्राच्या जगात तरुणाचे दोन शत्रू उगवतात, एकाच्या हातात भला मोठा पाना. तरुण कागदाची भिंत फाडून मुलीला बाहेर काढतो. ती कॉमिक घेऊन घरी पळते. तिकडे तो चौकटीवर धडका देत राहतो आणि अखेर तिच्या घरात येऊन पडतो, अर्धा रेषांचा, अर्धा हाडामांसाचा.

आता समतोल बिघडला कधी? हात बाहेर आला तेव्हा, असे पटकन लिहिले जाते. मुलीच्या बाजूने ते बरोबर आहे. पण तरुणाच्या बाजूने पाहिले तर बिघाड झाला तो कागद चुरगळला तेव्हा. हात बाहेर काढणे ही तर त्याची स्वतःची इच्छा होती. एकच व्हिडिओ, बिघाडाच्या दोन जागा. कोणती मानायची हे गोष्ट कोणाची मानता त्यावर ठरते. तुम्ही कोणाची बाजू धरली आणि का, हे लिहिलेत की तक्त्याचे विश्लेषण होते.

आणखी एक. आ-हाच्या पुढच्या व्हिडिओची, ‘द सन ऑल्वेज शाइन्स ऑन टीव्ही’ची, सुरुवात याच दोघांपासून होते. तरुण पुन्हा रेषांचा होऊ लागतो आणि तिला सोडून परत जातो. म्हणजे नवा समतोल टिकला तो पुढचे गाणे येईपर्यंत. पॉपमध्ये हे वारंवार घडते. कथा एका व्हिडिओत मिटलेली दिसते, पण कलाकाराची कारकीर्द पुढे चालू असते आणि ती मिटलेली कथा उघडू शकते.

प्रॉपच्या भूमिका आजच्या व्हिडिओंना लागू होतात का?

होतात, पण प्रॉप काय म्हणाला ते आधी नीट पाहू. १९२८ मध्ये त्याने रशियन अद्भुतकथांचा अभ्यास मांडला. त्याला ३१ कार्ये (म्हणजे कथा पुढे नेणाऱ्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या कृती) आणि सात कृतिक्षेत्रे (म्हणजे अशा कृतींचे गट) सापडली: खलनायक, दाता (नायकाला जादूची वस्तू देणारा), साहाय्यक, राजकन्या (आणि तिचा पिता), नायकाला कामगिरीवर पाठवणारा, नायक आणि तोतया नायक. यातले ‘कृतिक्षेत्र’ महत्त्वाचे. भूमिका ठरते ती पात्राच्या कामावरून. स्वभाव किंवा दिसणे तिथे दुय्यम. एक पात्र दोन क्षेत्रांत काम करू शकते आणि एक क्षेत्र तिघांत विभागले जाऊ शकते. ‘टेक ऑन मी’मधली वेट्रेस दुष्ट मुळीच नाही, तरीही कागद चुरगळण्याचे काम खलनायकाच्या क्षेत्रात पडते.

टेलर स्विफ्टचा ‘यू बिलाँग विथ मी’ (२००९, दिग्दर्शक रोमन व्हाइट) प्रॉपसाठी फार चांगला आहे. शेजारची साधी मुलगी नायकाच्या जागी, मुलगा राजकन्येच्या जागी आणि त्याची मैत्रीण तोतया नायकाच्या जागी. हे सगळ्यांना दिसते. त्यापुढे जाऊ या. दोघे आपापल्या खिडकीतून कागदावर लिहून बोलतात. एका रात्री ती ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ असा कागद धरते, पण तोवर त्याने पडदा ओढलेला असतो. तोच कागद शेवटी नृत्यसमारंभात उघडला जातो आणि त्याच्याही खिशातून तसाच कागद निघतो. अद्भुतकथेत नायकाची ओळख पटते ती अंगठीवरून, व्रणावरून, रुमालावरून. इथे ते काम कागद करतो.

इथे एक पेच आहे. कार्यांचा क्रम ठरलेला असतो, असा प्रॉपचा आग्रह. त्याच्या यादीत ओळख पटणे आधी आणि नायकाला नवे रूप मिळणे नंतर. व्हिडिओत मात्र मुलगी आधी चष्मा काढून पांढऱ्या पोशाखात येते, सगळे तिच्याकडे बघतात आणि मग कागद उघडतो. क्रम उलटल्याने अर्थ बदलतो: तिला ओळखण्याआधी ती वेगळी दिसावी लागली. गाणे म्हणते की ती आहे तशीच त्याला साजेशी आहे, दृश्य म्हणते की आधी रूप बदलावे लागते. हा विरोध प्रॉपच्या यादीमुळे सापडला. सात भूमिकांची नावे लिहून थांबलो असतो तर सापडला नसता.

साधी मुलगी आणि काळ्या केसांची मैत्रीण या दोन्ही भूमिका स्विफ्टनेच केल्या आहेत, याचे प्रॉपकडे उत्तर नाही. त्याला अभिनेत्री ठाऊक नाही, फक्त पात्र ठाऊक आहे. त्यासाठी तारकेच्या प्रतिमेकडे वळावे लागते. ते पुढे येईल.

लेव्ही-स्ट्रॉसची द्वंद्वे म्हणजे विरुद्धार्थी शब्दांची यादी का?

द्वंद्व म्हणजे एकमेकांच्या विरुद्ध गोष्टींची जोडी, पण अशा जोड्यांची यादी ही फक्त सुरुवात. मिथकांचा अभ्यास करणाऱ्या लेव्ही-स्ट्रॉसला रस होता तो मिथक त्या विरोधाचे पुढे काय करते यात. बियॉन्सेच्या ‘इफ आय वेअर अ बॉय’मध्ये (२००८, दिग्दर्शक जेक नाव्हा) पोलिसाची नोकरी करणारी, घरच्याला गृहीत धरणारी बायको आणि वाट पाहणारा नवरा दिसतात. शेवटाकडे उलगडते की प्रत्यक्षात सगळे याच्या उलट आहे. स्त्री-पुरुष, घर-बाहेर या जोड्या तशाच राहिल्या, फक्त माणसे जागा बदलून बसली. जागा बदलल्यावर जे वागणे असह्य वाटते तेच मूळ जागी खपून जात होते, हे दाखवणे हा त्या अदलाबदलीचा उपयोग. द्वंद्व शोधलेत की लगेच विचारा: व्हिडिओ ते सोडवतो, उलटवतो की तसेच ठेवतो?

व्हिडिओ मुद्दामच काही सांगत नसेल तर?

मग बार्थ. १९७० मध्ये फ्रेंच लेखक बाल्झाकची एक कथा त्याने ५६१ तुकड्यांत वाचली आणि पाच संकेत, म्हणजे कथेत अर्थ घडवणाऱ्या पाच वाटा, मांडले. त्यांतले दोन व्हिडिओसाठी विशेष कामाचे: प्रश्न उभा करून उत्तर लांबवणारा रहस्यसंकेत आणि एका कृतीतून दुसरी घडवत नेणारा कृतिसंकेत.

रेडिओहेडचा ‘जस्ट’ (१९९५, दिग्दर्शक जेमी थ्रेव्ह्ज) पाहिलाच नसेल तर हा परिच्छेद वाचण्याआधी पाहा. सुटातला एक माणूस फुटपाथवर आडवा होतो. दुसरा त्याला अडखळून पडतो, विचारपूस करतो. गर्दी जमते. सगळे विचारतात, का पडलास? तो सांगायला तयार नाही. गाणे चालू असल्याने त्यांचे बोलणे आपल्याला सबटायटलमधूनच कळते. गर्दीचा हट्ट वाढत जातो आणि शेवटी तो सांगतो. नेमक्या त्या क्षणी सबटायटल नाहीशी होतात. पुढच्या दृश्यात सगळी गर्दी त्याच्यासारखीच रस्त्यावर आडवी पडलेली असते.

रहस्यसंकेत प्रश्न उभा करतो, ताणतो आणि दार बंद करतो. कृतिसंकेत मात्र शेवटपर्यंत जातो: उत्तर ऐकणाऱ्याचे काय होते ते आपल्याला दिसते. परिणाम हाती, कारण गायब. आणि हे फक्त म्युझिक व्हिडिओतच इतके घट्ट बसते. चित्रपटात पात्राचा आवाज अचानक बंद केला तर लबाडी वाटेल. इथे आवाजावर पहिल्यापासून गाण्याचा हक्क आहे, पात्रांकडे सबटायटलची एकच वाट होती आणि ती बंद केली की पुरे. माध्यमाच्या मर्यादेतूनच रहस्य घडवले आहे. मला हा व्हिडिओ कथनाच्या दृष्टीने अजोड वाटतो.

गोष्ट उलटी किंवा पुन्हा पुन्हा दाखवली असेल तर?

घटना जशा घडल्या तो क्रम आणि त्या जशा दाखवल्या तो क्रम वेगळे धरा. जेनेटने १९७२ मध्ये कथनातल्या काळाची तीन अंगे मांडली: क्रम, कालावधी आणि वारंवारता.

क्रमासाठी कोल्डप्लेचा ‘द सायंटिस्ट’ (२००२). हाही जेमी थ्रेव्ह्जचाच. सगळे दृश्य उलटे चालते. गादीवर पडलेला गायक उठतो, मागे मागे चालत अपघातग्रस्त गाडीपर्यंत पोचतो, काच सांधली जाते आणि शेवटी दोघे आनंदात गाडीतून जाताना दिसतात. ओठांची हालचाल शब्दांशी जुळावी म्हणून क्रिस मार्टिन गाणे उलटे म्हणायला शिकला होता. आता तोदोरोव्हला इथे बोलवा: व्हिडिओच्या शेवटी समतोल आहे, पण तो घटनांच्या सुरुवातीचा. आपण सुखाचे दृश्य पाहतो तेव्हा पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक असते आणि त्या दोघांना नसते. शिवाय या उलट्या जगात एकच गोष्ट सुलट चालते, ती म्हणजे गाणे.

वारंवारतेसाठी काइली मिनोगचा ‘कम इंटू माय वर्ल्ड’ (२००२, दिग्दर्शक मिशेल गाँड्री). ती एका चौकाला फेरी मारते. फेरी पूर्ण झाली की आणखी एक काइली येते आणि आजूबाजूची माणसेही तीच कामे करत दुप्पट, तिप्पट होतात. एकदा घडलेले अनेकदा दाखवले की अनेकदा घडलेले अनेकदा? जेनेट या दोन्ही शक्यता वेगळ्या मोजतो, आणि हा व्हिडिओ ठरवू देत नाही, कारण आधीच्या फेरीतली काइली पुसली जात नाही.

कथानक पुढे जाते, पण धृपद परत परत येते. याचे काय करायचे?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि सगळ्यात कमी विचारला जातो. बहुतेक निबंध व्हिडिओ हा गाणे लावलेला लघुपट असल्यासारखे लिहिलेले असतात. गाण्याची घडण वर्तुळाकार असते: कडवे, धृपद, कडवे, धृपद. कथेला मात्र पुढे जायचे असते. म्युझिक व्हिडिओची अभ्यासक कॅरल व्हर्नालिस हिने २००४ च्या आपल्या पुस्तकात ठामपणे मांडले की व्हिडिओची बांधणी गाण्याच्या घडणीमागे जाते आणि पूर्ण कथा त्यात क्वचितच असते. मला यातला पहिला भाग पूर्ण पटतो. दुसऱ्याबाबत प्रत्येक व्हिडिओ तपासून पाहावा.

या ओढाताणीतून दिग्दर्शक वाट काढतात. कधी कडव्यांत गोष्ट आणि धृपदात बँडचे वादन. कधी धृपदाला तेच ठिकाण परत येते, पण मधे काहीतरी घडल्याने तेच शब्द वेगळे लागतात. आणि कधी गाण्यालाच कात्री लागते. मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’मध्ये (१९८३, दिग्दर्शक जॉन लँडिस) असे झाले. व्हिडिओ जवळजवळ १४ मिनिटांचा आहे, गाण्याच्या दुपटीहून अधिक. रेकॉर्डवर कडव्यांच्या मधे धृपद येते. व्हिडिओत कडवी सलग येतात, दोघे रस्त्याने चालत असताना, आणि धृपद राखून ठेवले आहे ते मृतांच्या नाचापर्यंत. धृपद मधेच आले असते तर भीती आधीच फुटली असती. कथेने गाण्याची रचना बदलली याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे मला माहीत नाही. २००९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत याचा समावेश झाला आणि तिथे पोचलेला हा पहिला म्युझिक व्हिडिओ.

म्हणून कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे गाण्याचे भाग, उजवीकडे दृश्यातल्या घटना. वळण कुठल्या भागावर पडते ते पाहा. कथेचे वळण आणि गाण्याचे वळण एकाच जागी आले किंवा मुद्दाम चुकवले, दोन्हीत लिहिण्यासारखे खूप असते.

शब्द एक सांगतात आणि चित्र भलतेच. कोणाचे खरे मानायचे?

दोन्ही ठेवा. म्युझिक व्हिडिओचा अभ्यासक अँड्र्यू गुडविन याने १९९२ मध्ये शब्द आणि चित्र यांच्या नात्याचे तीन प्रकार सांगितले: चित्र शब्दांचे सरळ दर्शन घडवते, त्यात भर घालते किंवा त्यांच्याशी फटकून वागते. ‘टेक ऑन मी’च्या शब्दांत कॉमिक नाही, वेट्रेस नाही. आहे ती फक्त मला स्वीकार ही विनवणी. पानातून आलेला हात ही त्या विनवणीत घातलेली भर. ‘जस्ट’ फटकून वागतो.

गायक हा कथेतले पात्र की निवेदक?

बहुतेकदा दोन्ही, शिवाय तिसरा म्हणजे तो स्वतः. चित्रपटात पात्राने कॅमेऱ्याकडे पाहिले की आपण दचकतो. व्हिडिओत गायकाने आपल्याकडे पाहून गाणे अपेक्षितच असते. तो घटनेत अडकलेला असतो आणि त्याच वेळी ती आपल्याला सांगतही असतो. गुडविन याच कारणाने म्हणतो की चित्रपटाचे मोजमाप इथे अपुरे पडते, आणि तारकेची चालत आलेली प्रतिमा हीही एक कथाच धरावी. स्विफ्टच्या दुहेरी भूमिकेचे उत्तर इथे मिळते. गोष्टीत कोणीही जिंकले तरी पडद्यावर जिंकणारा आणि हरणारा चेहरा तिचाच, आणि तो चेहरा ओळखणाऱ्या प्रेक्षकासाठी ही दुसरी गोष्ट सुरू असते.

व्हिडिओत गोष्टच नसेल तर?

तर तसे लिहा. शिनेड ओ’कॉनरचा ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’ (१९९०, दिग्दर्शक जॉन मेबरी) बव्हंशी तिचा चेहरा आहे, जवळून घेतलेला. प्रॉपला इथे काही काम नाही. पण शेवटाकडे तिच्या डोळ्यांतून पाणी येते आणि आधीच्या चेहऱ्यात आणि नंतरच्या चेहऱ्यात फरक पडतो. हे अश्रू आधी ठरवलेले नव्हते, असे तिने स्वतः सांगितले आहे. एवढ्या एका बदलाला कथा म्हणावे का? मी म्हणेन, हो. कुणी नाही म्हटले तर त्याची बाजूही भक्कम आहे. मात्र त्या चेहऱ्याला ओढूनताणून पाच टप्पे चिकटवू नका.

दिग्दर्शकाने खरोखर एवढा विचार केला असेल का?

त्याची गरज नाही. प्रॉपच्या कथा सांगणाऱ्यांनीही कार्ये मोजली नव्हती. तुमचा दावा व्हिडिओत दिसणाऱ्या आणि ऐकू येणाऱ्या गोष्टींवर उभा असला की झाले.

निबंधात व्हिडिओचे वर्णन किती करायचे?

वाचकाला तुमचा मुद्दा कळेल एवढेच. पूर्ण सारांश सुरुवातीला देऊ नका. मुद्दा मांडताना लागेल तो शॉट तिथेच सांगा, शक्यतो मिनिट-सेकंदासह, आणि त्या वेळी गाण्याचा कोणता भाग चालू आहे तेही नोंदवा. ‘नायिका दुःखी आहे’ असे लिहिण्याऐवजी ‘दुसऱ्या धृपदाला कॅमेरा तिच्यापासून मागे सरकतो’ असे लिहा. पहिल्या वाक्याला तपासता येत नाही, दुसऱ्याला येते. सिद्धांताचे नाव तुमच्या निरीक्षणाच्या नंतर आले तर बहुतेक वेळा ते योग्य जागी येते.